पायाची जखम आणि सीआरपीचा आकडा

मधुमेही माणसाच्या पायाला जखम झाली की पहिला प्रश्न येतो, तीत संसर्ग आहे का? याचं उत्तर रक्तात शोधायचं की पायावर, यावर डॉक्टरांमध्ये, लॅबवाल्यांमध्ये आणि रुग्णांच्या घरच्यांमध्येही जोरात वाद चालतो. एक बाजू म्हणते, सीआरपी, ईएसआर, प्रोकॅल्सिटोनिन या शरीरातला दाह रक्तावरून मोजणाऱ्या चाचण्या आता तालुक्याच्या गावातही होतात, मग डोळ्यांच्या अंदाजावर कशाला विसंबायचं? दुसरी बाजू म्हणते, हा सगळा लॅबचा धंदा आहे, मुरलेल्या डॉक्टरला रक्ताची गरज नाही. दोन्ही बाजू आपापल्या चाचणीची आणि आपापल्या अनुभवाची वकिली करत राहतात आणि खरा प्रश्न बाजूला पडतो. तो असा: ही चाचणी कोणत्या पायासाठी, कोणत्या टप्प्यावर करायची, आणि तिच्या उत्तराने पुढचं काय बदलणार? माझी भूमिका सरळ आहे. जखमेतल्या संसर्गाचं निदान पाय तपासून करायचं. रक्ताला काम आहे, पण तीनच ठिकाणी: नीट तपासणी करूनही शंका उरली तर, संसर्ग हाडापर्यंत गेल्याचा संशय असेल तर, आणि रुग्ण एकंदरीत किती आजारी आहे हे ठरवताना. प्रत्येक जखमेला सरसकट सीआरपी मागवण्याची पद्धत मला धोकादायक वाटते. तिच्यात पैसे जातात हे खरं, पण माझा आक्षेप तिच्यामुळे पाय जातात याला आहे.

आधी संसर्ग कशाला म्हणतात ते पाहू. पायावरची प्रत्येक उघडी जखम जंतूंनी भरलेली असते. कुठल्याही जखमेवर स्वॅब, म्हणजे कापसाचा बोळा, फिरवून तो कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून ओळखायला, पाठवला तर काही ना काही उगवतंच. जंतू नुसते असणं वेगळं आणि त्यांनी आत शिरून दाह उभा करणं वेगळं. संसर्ग म्हणायचं ते दुसऱ्याला. म्हणूनच आयडब्ल्यूजीडीएफ हा मधुमेही पायावर काम करणारा आंतरराष्ट्रीय गट आणि आयडीएसए ही अमेरिकेतली संसर्गरोगतज्ज्ञांची संस्था, या दोघांनी मिळून २०२३ साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांमधली व्याख्या पायावरच उभी आहे. तिच्यात पाच खुणा आहेत: सूज किंवा कडकपणा, जखमेच्या कडेपासून अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त पसरलेली लाली, दाबल्यावर दुखणं, आसपासपेक्षा जास्त ऊब, आणि पू. यातल्या किमान दोन असल्या आणि गाऊट, फ्रॅक्चर, नुकता मार लागणं, शिरेत गुठळी असं दुसरं कारण नसलं, की संसर्ग आहे. लाली २ सेंटिमीटरच्या आत आणि संसर्ग कातडी व तिच्या लगेच खालच्या थरापुरता असेल तर तो सौम्य. लाली २ सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त असेल, किंवा संसर्ग टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी), स्नायू, सांधा, हाड यांत उतरला असेल तर मध्यम. ताप ३८ अंश सेल्सिअसच्या वर किंवा ३६ च्या खाली, नाडी ९० च्या वर, श्वास मिनिटाला २० च्या वर, पांढऱ्या पेशी १२,००० च्या वर किंवा ४,००० च्या खाली, यांपैकी दोन गोष्टी आढळल्या तर तीव्र. या मोजपट्टीत सीआरपी नाही, ईएसआर नाही. पांढऱ्या पेशी आहेत, पण त्या संसर्ग किती गंभीर आहे हे ठरवायला. संसर्ग आहे की नाही हा निवाडा त्याआधीच पायावर झालेला असतो.

आता विरोधी बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा घेऊ, कारण तो खरोखर भक्कम आहे. मधुमेहात नसा बधिर होतात, म्हणून पाय दुखत नाही. रक्तवाहिन्या अरुंद होतात, म्हणून लाली आणि ऊब उमटत नाही. ज्या खुणांवर निदान करायचं त्याच या रोगाने पुसून टाकल्या असतील, तर पाय बघून काय कळणार? याला जोडून दुसरा मुद्दा, आणि तो आपल्याकडे जास्त लागू आहे: लाली उजळ कातडीवर चटकन दिसते, सावळ्या किंवा काळ्या कातडीवर नाही. तिथे ती जांभळट, गडद किंवा नुसती चकाकणारी दिसते आणि २ सेंटिमीटरची हद्द आखणं अवघड होतं. तिसरा मुद्दा, दोन डॉक्टर एकाच जखमेकडे बघून दोन वेगळी मतं देतात, आकडा मात्र सगळ्यांना सारखाच दिसतो. आणि चौथा, सरकारी ओपीडीत एका रुग्णाला मिळतात मोजकी मिनिटं. तेवढ्यात पट्टी सोडून जखम धुऊन बघायची कुणी? हे चारही मुद्दे मी मान्य करतो. यांतला एकही मुद्दा बनावट नाही.

पण पहिला मुद्दा मान्य केला की त्यातून रक्ताची बाजू बळकट होते का? सीआरपी जखमेत तयार होत नाही, यकृतात होतो. जखमेतल्या पेशींनी इंटरल्युकिन-६ सारखे निरोप रक्तात सोडले की यकृत सीआरपी बनवायला लागतं. साधारण ६ ते ८ तासांत तो चढू लागतो, ४८ तासांच्या आसपास शिखरावर पोचतो आणि कारण संपलं की दर १९ तासांनी निम्मा होतो. म्हणजे सीआरपी हा त्याच दाहाचा दूरवरून ऐकू येणारा आवाज आहे. रक्तपुरवठा तुटलेल्या पायात दाहच मंद असेल, तर यकृताला निरोप तरी जोरात कसा जाणार? अनुभवही तेच सांगतो. स्वीडनमध्ये १९९७ साली खोल संसर्ग झालेल्या २२३ मधुमेही रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यातल्या निम्म्या रुग्णांमध्ये ना ३७.८ च्या वर ताप होता, ना ७० च्या वर ईएसआर, ना वाढलेल्या पांढऱ्या पेशी. हे किरकोळ जखमांचे रुग्ण नव्हते. संसर्ग खोलवर गेलेला होता. त्याआधी १९९६ साली अमेरिकेत पायाच्या हाडाचा तीव्र संसर्ग झालेल्या मधुमेही रुग्णांची अशीच पाहणी झाली होती. त्यात अर्ध्याहून अधिक जणांच्या पांढऱ्या पेशी नॉर्मल निघाल्या. ज्या पायावर खुणा फिक्या असतात त्याच पायाचा रक्तातला आकडाही बऱ्याचदा फिका असतो. मग जिथे मदत सगळ्यात जास्त हवी तिथेच ही चाचणी हात वर करते.

दुसऱ्या दिशेनेही आकडा फसवतो. लघवीचा संसर्ग, किडलेली दाढ, हिरड्यांचा आजार, गाऊटचा झटका, नुकतंच झालेलं ऑपरेशन, लठ्ठपणा, यांतलं काहीही सीआरपी वाढवतं. मधुमेही माणसात यातल्या एक-दोन गोष्टी असणं फार सामान्य आहे. ईएसआरचं तर विचारूच नका. लाल पेशी किती वेगाने खाली बसतात हे तो मोजतो, आणि तो वेग रक्तातलं फायब्रिनोजेन हे प्रथिन, हिमोग्लोबिन, वय, मूत्रपिंडाची स्थिती, अशा अनेक गोष्टींवर ठरतो. हिमोग्लोबिन कमी झालं की ईएसआर वाढतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ मध्ये, १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के भारतीय स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. अशा देशात ४५ किंवा ५० ईएसआर पाहून जखमेत संसर्ग आहे असं म्हणणं म्हणजे रक्तक्षयाला अँटिबायोटिक देणं. क्रिएटिनिन वाढलेल्या, म्हणजे मूत्रपिंड नीट काम न करणाऱ्या, रुग्णात ईएसआर आणि प्रोकॅल्सिटोनिन दोन्ही संसर्गाशिवाय वर राहू शकतात, आणि पायाला जखम झालेल्या मधुमेही रुग्णांत मूत्रपिंड बिघडलेले अनेक असतात.

चाचण्यांच्या बाजूने अभ्यास दाखवले जातात आणि त्यांतले काही चांगले आहेत. २००८ साली फ्रान्समध्ये झालेल्या एका अभ्यासात सीआरपी १७ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर असला तर संसर्ग नसलेली जखम आणि सौम्य संसर्गाची जखम चांगली वेगळी करता आली. विशिष्टता, म्हणजे संसर्ग नसलेल्यांना बरोबर ‘नाही’ म्हणणं, जवळजवळ पूर्ण; संवेदनशीलता, म्हणजे संसर्ग असलेल्यांना पकडणं, सुमारे ७३ टक्के. म्हणजे संसर्ग झालेल्या दर चार जणांपैकी एकाचा सीआरपी त्या रेषेच्या खालीच राहिला. आणि इथे एक विचार करण्यासारखी गोष्ट आहे, जी या वादात फार क्वचित बोलली जाते. त्या अभ्यासात, आणि अशा बहुतेक अभ्यासांत, कोणाला संसर्ग आहे हे ठरवलं कशावरून? पायाच्या तपासणीवरून. तपासणीला प्रमाण मानून चाचणी तिच्याशी ताडून बघायची, आणि मग चाचणी तपासणीपेक्षा चांगली असल्याचा दावा करायचा, हे तर्कात कसं बसतं? ज्या मोजपट्टीने आपल्याला मोजलं तिच्याहून अचूक आपण कसे ठरणार? पांढऱ्या पेशींच्या बाबतीत तर गोंधळ आणखी गडद आहे, कारण तीव्र संसर्गाच्या व्याख्येतच त्या आहेत. मग तीव्र संसर्गात पांढऱ्या पेशी वाढलेल्या सापडतात यात नवल ते काय?

कोणतीही चाचणी एकटी चांगली किंवा वाईट नसते. ती कुठल्या रुग्णांवर वापरली त्यावर तिची किंमत ठरते. याचं सगळ्यात शिकवणारं उदाहरण रक्ताच्या चाचणीचं नाही, प्रोबचं आहे. बोथट, निर्जंतुक स्टीलचा प्रोब जखमेतून हलक्या हाताने आत घालायचा आणि टोकाला टणक, खरखरीत हाड लागतं का बघायचं. १९९५ साली अमेरिकेत पाय जाण्याच्या बेताला आलेल्या रुग्णांवर ही चाचणी पारखली गेली. प्रोब हाडाला लागला तर ८९ टक्के वेळा हाडात संसर्ग होता, पण लागला नाही म्हणून हाड सुरक्षित आहे असं म्हटलं तर ते केवळ ५६ टक्के वेळा खरं निघालं. २००७ साली अमेरिकेतच बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या साध्या जखमांवर तीच चाचणी केली, तर चित्र उलटं झालं: लागला तर ५७ टक्के, आणि लागला नाही तर ९८ टक्के वेळा हाड खरंच ठीक. प्रोब तोच, हात तसेच. बदललं ते एवढंच, की पहिल्या गटात दोन तृतीयांश जखमांच्या हाडात संसर्ग होता आणि दुसऱ्यात सुमारे १२ टक्के. आता हाच नियम सीआरपीला लावा. मोठ्या रुग्णालयात भरती झालेल्या, तापाने फणफणलेल्या रुग्णांवर सिद्ध झालेली रेषा गावातल्या दवाखान्यात पायाला भेग पडून आलेल्या माणसावर लावली, तर तिचा अर्थ तोच राहील का? आपल्याकडचे बरेचसे लॅब पॅकेजवाले तो तोच राहतो असं गृहीत धरून चालतात.

रक्तातून सोपं उत्तर मिळावं या इच्छेने आपल्या देशाने एकदा मोठी किंमत मोजली आहे. क्षयरोगासाठी रक्तातली प्रतिपिंडं शोधणाऱ्या चाचण्या खासगी लॅबमध्ये वर्षानुवर्षं सर्रास होत होत्या. वर्षाला १५ लाखांच्या आसपास होत असाव्यात असा अंदाज होता. थुंकी गोळा करण्याची कटकट नको, छापील रिपोर्ट मिळतो, डॉक्टर आणि रुग्ण दोघांचं समाधान होतं. पण त्या चाचण्या क्षय असलेल्यांना नाही म्हणत होत्या आणि नसलेल्यांना हो. जुलै २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्या वापरू नका असं स्पष्ट सांगितलं आणि जून २०१२ मध्ये भारत सरकारने त्यांवर बंदी घातली. सीआरपीची तुलना मी त्या चाचण्यांशी करत नाही. सीआरपी ही खरी, नीट समजलेली चाचणी आहे, १९३० पासून माहीत असलेली. तुलना सवयीशी आहे. रोग जिथे आहे तिथे जाऊन पाहण्याचे कष्ट टाळून शिरेतून काढलेल्या ५ मिलीलिटर रक्ताकडून उत्तर मागायचं, ही सवय तीच आहे.

मग रक्ताची खरी जागा कोणती? हाडाचा संसर्ग, म्हणजे ऑस्टिओमायलायटिस. इथे ईएसआरसारखी सव्वाशे वर्षं जुनी, स्वस्त चाचणी चांगलं काम करते आणि चाचण्यांना नावं ठेवणाऱ्यांनी हे मोकळेपणाने मान्य करायला हवं. २००८ साली उपलब्ध अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यात ईएसआर ७० च्या वर असेल तर हाडाच्या संसर्गाच्या बाजूचं पारडं अकरा पटीने जड होतं असं दिसलं. जखमेचं क्षेत्रफळ २ चौरस सेंटिमीटरहून मोठं असणं सुमारे सात पट, प्रोब हाडाला लागणं सहा पटीहून थोडं जास्त, आणि साधा एक्स-रे जेमतेम सव्वादोन पट. याचा व्यवहारातला अर्थ असा: तपासणीनंतर हाडाच्या संसर्गाची शक्यता १५ टक्के वाटत होती आणि ईएसआर ९० आला, तर ती ६५ टक्क्यांच्या वर जाते. एमआरआय मागवायला एवढं पुरेसं आहे. पण त्याच आढाव्यात ७० पेक्षा कमी ईएसआरचं वजन फार थोडं निघालं. शक्यता आधी पन्नास टक्के वाटत असेल आणि ईएसआर ४० आला, तरी ती २५ टक्क्यांवर येऊन थांबते. चौघांत एकाच्या हाडात संसर्ग असू शकतो, या पातळीवर कोणता डॉक्टर रुग्णाला निश्चिंत घरी पाठवेल? वाढलेला ईएसआर पुढे ढकलतो. नॉर्मल ईएसआर थांबवत नाही. २०२३ च्या सूचनाही हेच सांगतात: हाडाचा संशय असेल तर प्रोब, एक्स-रे आणि ईएसआर, सीआरपी किंवा प्रोकॅल्सिटोनिन यांतली चाचणी एकत्र वाचायची, तरीही शंका असेल तर एमआरआय, आणि गरज पडली तर हाडाचा तुकडा काढून कल्चर आणि सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी. एक्स-रेवर हाडातला बदल दिसायला दोन-तीन आठवडे लागतात, त्यामुळे पहिला एक्स-रे स्वच्छ आला तरी दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा काढायचा. हे पुन्हा काढणं आपल्याकडे फार वेळा राहून जातं.

आणि आकडा वापरायचाच तर तो कसा आला हे तरी माहीत हवं. ७० ची रेषा वेस्टरग्रेन पद्धतीची आहे, म्हणजे २०० मिलिमीटरच्या लांब नळीची. आपल्याकडच्या छोट्या लॅब अजून १०० मिलिमीटरच्या विन्ट्रोब नळीत ईएसआर लावतात, आणि त्या नळीत वरचे आकडे दबतात. तिथला ५५ आणि वेस्टरग्रेनचा ५५ एक नाहीत. नळी तीन अंश कलली तरी आकडा तीस टक्क्यांपर्यंत वाढू शकतो. रक्त चार तासांहून जास्त वेळ बाहेर राहिलं, जसं गावातून नमुना गोळा करून संध्याकाळच्या एसटीने शहरात पाठवल्यावर होतं, तर ईएसआर खोटा कमी येतो. सीआरपीच्या बाबतीत वेगळीच घोडचूक होते: काही लॅब तो मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये देतात, काही मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. एकीकडचा ४ म्हणजे दुसरीकडचा ४०. रुग्णाने लॅब बदलली आणि एकक कुणी वाचलं नाही, तर संसर्ग दहा पट बरा किंवा दहा पट वाईट झाला असं वाटतं. काही ठिकाणी अजून लेटेक्स स्लाइडवर गुठळ्या बघून नुसतं पॉझिटिव्ह-निगेटिव्ह लिहितात. तिथली रेषा साधारण ६ मिलिग्रॅम प्रति लिटरची असते, जी नुसत्या लठ्ठपणाने किंवा हिरड्या सुजल्यानेही ओलांडली जाऊ शकते. उलट सीआरपी फार जास्त असेल तर त्याला चिकटून गुठळ्या करणारं प्रतिद्रव्य अपुरं पडून तीच स्लाइड निगेटिव्ह दिसू शकते; म्हणून नमुना पातळ करून पुन्हा लावायचा असतो. अशा रिपोर्टवर पायाचा निर्णय घेऊ नये. आणि अँटिबायोटिकचे दोन-तीन डोस गेल्यानंतर काढलेला सीआरपी आधीच्या स्थितीबद्दल खात्रीने काही सांगत नाही.

आणखी एक जागा सीआरपीला मी आनंदाने देतो. मधुमेही माणसाचा पाय अचानक सुजला, लाल झाला, गरम लागतो, पण दुखत फारसा नाही, अशी स्थिती दोन आजारांत येते: संसर्ग आणि शार्को फूट, ज्यात हाडं आणि सांधे आतून मोडत जातात. उपचार अगदी वेगळे. रुग्णाला आडवं झोपवून पाय दहा मिनिटं उंच धरला तर शार्कोची लाली बरीचशी ओसरते, संसर्गाची सहसा नाही. कातडी कुठेही फाटलेली नसेल तर संसर्गाची शक्यता आणखी घटते. इतकं बघूनही ठरत नसेल तर सीआरपी उपयोगी आहे, कारण शार्कोमध्ये तो बहुधा नॉर्मल किंवा थोडाच वाढलेला असतो. इथे चाचणी तपासणीच्या मागून, एका नेमक्या प्रश्नासाठी येते. प्रोकॅल्सिटोनिनबद्दल मात्र उत्साह आवरायला हवा. सीआरपीच्या कित्येक पट महाग असलेली ही चाचणी १९९३ पासून सेप्सिससाठी, म्हणजे साऱ्या शरीरावर उलटलेल्या जीवघेण्या संसर्गासाठी, पुढे आली. संसर्ग पायापुरता असेल तर ती बऱ्याचदा हलतही नाही.

कातडीच्या रंगाचा मुद्दा मी मान्य केला, पण त्याचं उत्तर रक्तात नाही, हातात आहे. पाचांपैकी दोनच खुणा लागतात आणि पाचांतली चार रंगाशिवायची आहेत. हाताच्या पाठीने दोन्ही पायांच्या त्याच जागा आळीपाळीने स्पर्शून ऊब कळते. बोट दाबून कडकपणाची हद्द कळते आणि तिथे पेनाने रेघ मारून वेळ लिहिता येते; सावळ्या पायावर लालीऐवजी ती रेघ पुढे सरकते का हे बघावं. बधिर पायात नव्याने दुखणं सुरू झालं तर ती मोठी धोक्याची सूचना आहे. खुणा अर्धवट असतील तर दुय्यम लक्षणं बघावीत: हात लागताच रक्त येणारे जखमेतले ठिसूळ मांसांकुर, कडांखाली पोकळ झालेली जखम, दुर्गंध, आणि कारण नसताना चढलेली साखर.

वेळेच्या मुद्द्यावर तडजोड करण्याची माझी तयारी नाही. नीट तपासणी म्हणजे काय? दोन्ही पायांतली चप्पल-मोजे काढायचे. पट्टी पूर्ण सोडायची, वरवर उचलून बघायची नाही. सलाईनने जखम धुवायची. भोवतीचा घट्टा आणि वरचा मेलेला पिवळा थर ब्लेडने काढायचा, कारण घट्ट्याखाली जखम बाहेर दिसते त्याच्या कित्येक पट मोठी असते आणि पू तिथेच कोंडलेला असतो. मग लांबी-रुंदी मोजायची, बोटांच्या फटी बघायच्या, तळव्यावर टाचेकडून जखमेकडे अंगठ्याने दाबत यायचं; टेंडनच्या कडेने पू सरकत असेल तर तो तोंडाशी येतो. प्रोब घालायचा. पायाच्या वरची आणि घोट्यामागची नाडी चाचपायची. ताप, नाडी, श्वास मोजायचा. कल्चर लागणारच असेल तर जखम स्वच्छ केल्यावर तळाचा ऊतीचा तुकडा खरवडून पाठवायचा, वरून फिरवलेला स्वॅब नाही. सगळं मिळून दहा-पंधरा मिनिटं, आणि सामान म्हणजे ब्लेड, प्रोब, सलाईन, मोजपट्टी. हे प्रशिक्षित परिचारिकाही बऱ्याच अंशी करू शकते. आयसीएमआर-इंडियाबच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत; एवढ्या पायांसाठी दहा मिनिटं नाहीत असं म्हणणारी व्यवस्था लॅबच्या रांगेत अर्धा दिवस मात्र घालवायला लावते. डॉक्टरा-डॉक्टरांत मतं वेगळी पडतात हेही खरं, पण ती बहुतेकदा न धुतलेल्या, घट्टा न काढलेल्या जखमेवर पडतात.

सरसकट चाचणीने होणारं नुकसान दोन तोंडी आहे. सीआरपी नॉर्मल आला की घरचे आणि कधी कधी डॉक्टरही निर्धास्त होतात, आणि तळव्यात कोंडलेला पू चार दिवसांत टेंडनच्या वाटेने घोट्यापर्यंत पोचतो. सीआरपी २० आला की संसर्ग नसलेल्या जखमेला अँटिबायोटिक सुरू होतं. संसर्ग नसलेली जखम अँटिबायोटिकने लवकर भरत नाही. जुलाब होतात, मूत्रपिंडावर ताण येतो आणि उरतात ते औषधांना न जुमानणारे जंतू. उष्ण प्रदेशांत पायाच्या जखमांत स्यूडोमोनाससारखे ग्रॅम-निगेटिव्ह, म्हणजे बऱ्याच औषधांना सहज दाद न देणाऱ्या गटातले, जंतू जास्त सापडतात. तिथे ही चैन परवडणारी नाही. शिवाय गोळी सुरू झाली की उपचार सुरू झाला असं वाटतं आणि जखमेचं खरं कारण, म्हणजे तळव्यावर पडणारा दाब, तसाच राहतो.

इथे वेल्लोरची आठवण येणं अपरिहार्य आहे. १९४६ साली डॉ. पॉल ब्रँड तिथल्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले तेव्हा कुष्ठरुग्णांच्या पायांच्या जखमा भरत नाहीत, कारण त्यांचं मांसच खराब असतं, असा समज वैद्यकातही होता. रुग्णाच्या आत, रक्ता-मांसात, दोष शोधला जात होता. ब्रँड यांनी पाय बघितले, चालणं बघितलं, चपला बघितल्या, आणि दाखवून दिलं की जखमा होतात बधिर तळव्यावर पुन्हा पुन्हा पडणाऱ्या दाबाने. प्लास्टरने तो दाब काढला की त्याच जखमा भरतात. १९६६ नंतर अमेरिकेत कार्व्हिलच्या कुष्ठरुग्णालयात गेल्यावर हीच समज त्यांनी पुढे नेली आणि ती मधुमेही पायांच्या उपचाराचा आधार झाली. आपल्याकडे आजही ‘साखर आहे, रक्तच बिघडलंय, जखम कशी भरणार’ असं सहज म्हटलं जातं. सीआरपीचा आकडा हातात पडला की या समजुतीला छापील पुरावा मिळतो.

उपचार सुरू झाल्यावर सीआरपी दर दोन दिवसांनी बघण्याची पद्धतही तपासायला हवी. पहिल्या आठवड्यात उतरणारा सीआरपी आश्वासक आहे, आणि चढता राहिला तर कुठे पू राहून गेला का, पायाचा रक्तपुरवठा पुरेसा आहे का, हे शोधायला लावतो. तिथवर तो कामाचा. पण आकडा नॉर्मल होईपर्यंत अँटिबायोटिक चालू ठेवायला आधार नाही. मऊ भागातल्या संसर्गाला साधारण एक ते दोन आठवडे, हाड कापून काढलं नसेल तर हाडाच्या संसर्गाला सहा आठवडे, आणि कापूनही कडेच्या हाडात जंतू उरले असतील तर तीन आठवड्यांपर्यंत, एवढी मुदत पुरेशी मानली जाते. ईएसआर तर कारण गेल्यावरही कित्येक आठवडे वर राहतो. त्याच्या मागे लागून औषध लांबवणं चूक आहे.

म्हणून मागणी एकच आहे आणि ती अमलात आणायला नवीन यंत्र लागत नाही. पायाच्या जखमेसाठी सीआरपी किंवा ईएसआर मागवणाऱ्या कागदावर सहा गोष्टी लिहिलेल्या असाव्यात: जखमेची लांबी-रुंदी, पाच खुणांपैकी कोणत्या आहेत, लालीची किंवा कडकपणाची हद्द किती सेंटिमीटर, प्रोब हाडाला लागला की नाही, पायाच्या नाड्या लागतात की नाही, आणि रक्ताच्या उत्तराने कोणता निर्णय बदलणार आहे. लॅबने रिपोर्टवर पद्धत, एकक आणि त्याच दिवशीचं हिमोग्लोबिन व क्रिएटिनिन छापावं. मागणीच्या कागदावरचा शेवटचा, म्हणजे कोणता निर्णय बदलणार हा, रकाना कोरा असेल, तर रक्त काढण्याआधी पट्टी पुन्हा सोडून जखम बघावी.